संपृक्त प्रवर्तक आणि स्थैर्याची सीमा

नियंत्रण-व्यवस्थेच्या स्थैर्याचा विचार पाठ्यपुस्तकांत बहुधा एका गृहीतावर उभा असतो. नियंत्रकाने जेवढे बल मागितले तेवढे यंत्र देते, हे ते गृहीत होय. त्रुटी दुप्पट आढळली तर दुरुस्ती दुप्पट, दसपट आढळली तर दसपट. असे धरले की समीकरणे रेषीय होतात आणि स्थैर्याच्या प्रश्नाला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर उरते. व्यवस्था स्थिर असेल तर ती कोठूनही सुरू केली तरी स्थिर. अस्थिर असेल तर सर्वत्र अस्थिर. प्रत्यक्षातील कोणताही अवयव मात्र असा नसतो. कालव्याचा दरवाजा पूर्ण उचलला की त्याहून अधिक उघडत नाही. विद्युत्-चलित्राचा प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही. विमानाचा सुकाणू-पंखा ठराविक कोनापलीकडे वळत नाही. आज्ञा वाढत राहते, कृती तेथेच थांबते. ही घटना हिशेबात घेतली म्हणजे उत्तर तर बदलतेच, पण प्रश्नही बदलतो. ‘व्यवस्था स्थिर आहे काय?’ याऐवजी ‘ती कोठून सुरू झाली असता स्थिर आहे?’ असे विचारावे लागते. स्थैर्य हा व्यवस्थेचा गुण न राहता एक प्रदेश होतो, आणि त्या प्रदेशाला सीमा असते.

परिभाषेविषयी येथेच थोडे सांगणे इष्ट होय. आज्ञेचे कृतीत रूपांतर करणाऱ्या अवयवाला, म्हणजे अभियंत्यांच्या ‘ॲक्च्युएटर’ला, या लेखात ‘प्रवर्तक’ म्हटले आहे आणि त्याच्या मर्यादेला ‘संपृक्ती’. हा दुसरा शब्द मराठीत रसायनशास्त्रातून आला. पाण्यात मीठ विरघळता विरघळता एक वेळ अशी येते की अधिक टाकलेले मीठ तळाशीच राहते. तेच संपृक्त द्रावण. उपमा उत्तम आहे. परंतु संस्कृतात ‘संपृक्त’ याचा मूळ अर्थ ‘निकट जोडलेले, एकमेकांत मिसळलेले’ असा आहे. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी वाणी आणि अर्थ यांच्या नित्य संबंधासाठी हाच शब्द योजला आहे. नियंत्रणशास्त्रात नेमके उलटे घडते. प्रवर्तक संपृक्त झाला की आज्ञा आणि कृती यांचा संबंध तुटतो. आज्ञा कितीही बदलली तरी कृती तीच राहते. म्हणजे पुनःप्रदायाचे वर्तुळ त्या क्षणापुरते उघडे पडते. शब्द रूढ झालेला असल्याने तो टाकून देण्यात अर्थ नाही, मात्र विद्यार्थ्याने त्याच्या व्युत्पत्तीवर विसंबू नये. ‘स्थिर’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मराठीत तो ‘न हलणारा’ आणि ‘ढळला तरी जागेवर परतणारा’ अशा दोन्ही अर्थी चालतो. येथे सर्वत्र दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

या मर्यादेचे सर्वांत साधे आणि सर्वांत कठोर उदाहरण रेल्वेगाडीच्या ब्रेकचे होय, आणि त्यासाठी मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. दिनांक ८ मे २०२० रोजी पहाटे परभणी–मनमाड मार्गावर बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान एका मालगाडीखाली सोळा मजूर मृत्युमुखी पडले. टाळेबंदीमुळे काम थांबलेले हे मध्य प्रदेशातील मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघाले होते. भुसावळला पोचून तेथून गावी जाणारी गाडी मिळवावी, असा त्यांचा विचार होता. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले. रेल्वे मंत्रालयाने त्याच दिवशी जाहीर केल्याप्रमाणे चालकाने मजुरांना रुळांवर पाहिले आणि गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही. ते मजूर त्या पहाटे रुळांवर का होते, या प्रश्नाचे उत्तर गणितात नाही. ‘पाहिले आणि थांबविण्याचा प्रयत्न केला’ या शब्दांनंतर जे घडते त्याचे मात्र गणित आहे, आणि ते संपृक्तीचे आहे.

भारतीय रेल्वेच्या हवेच्या ब्रेकमध्ये गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम एवढा दाब राखलेला असतो. चालकाने तो दाब कमी केला की प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि ब्रेक लागतात. दाब थोडा उतरविला तर ब्रेक थोडा, अधिक उतरविला तर अधिक; येथवर व्यवस्था रेषीय आहे. परंतु नळीतील दाब सुमारे दीड किलोग्रॅमने उतरला की सिलिंडरमधील दाब त्याच्या कमाल पातळीला, भरलेल्या डब्यांत सुमारे ३.८ किलोग्रॅमला, पोचतो आणि तेथेच राहतो. पुढे नळी संपूर्ण रिकामी केली तरी ब्रेक अधिक जोमाने लागत नाही; तो फार तर अधिक लवकर लागतो. ही कमाल पातळी कोणी लहरीने ठरविलेली नाही. तिच्यामागे दुसरी, अधिक मूलभूत मर्यादा उभी आहे, ती म्हणजे चाक आणि रूळ यांमधील घर्षण. पोलादावर पोलादाची पकड मुळातच कमी असते. ब्रेक तिच्याहून जोरात दाबला तर चाक फिरायचे थांबते, पण गाडी थांबत नाही, चाक रुळावरून घसरत जाते. रिकाम्या डब्याचे वजन कमी, म्हणून त्याची पकडही कमी. यास्तव अनेक मालडब्यांत रिकाम्या स्थितीसाठी सिलिंडरचा दाब मुद्दाम आणखी खाली ठेवलेला असतो. रिकामी गाडी हलकी असल्याने चटकन थांबेल, ही सामान्य समजूत म्हणूनच फसवी आहे.

आता या मर्यादित बलाने गाडी कोठून थांबविता येते हे पाहू जाता एक वक्र मिळतो. गाडी आणि अडथळा यांमधील अंतर आडव्या अक्षावर व वेग उभ्या अक्षावर मांडावा. कमाल मंदन कायम असेल, तर थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागून मिळते. ते समीकरण म्हणजे एक अन्वस्त होय. अन्वस्ताच्या एका बाजूची प्रत्येक स्थिती सावरता येण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजूची एकही नाही. केवळ कल्पना यावी म्हणून मंदन दर सेकंदाला सेकंदामागे अर्धा मीटर आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर हे अंतर सुमारे २७८ मीटर येते. ब्रेक सर्व डब्यांत पुरता लागेपर्यंत पाच सेकंद गेले असे धरले तर आणखी ८३ मीटर मिळवावे लागतात. वेग ताशी ३० किलोमीटर असता पहिला आकडा ६९ मीटरांवर येतो, म्हणजे चौथाईवर. अन्वस्ताचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. वरील २७८ मीटरांपैकी २०० मीटर संपेपर्यंत वेग ताशी ६० वरून ३२ किलोमीटरपर्यंतच उतरलेला असतो. अंतर जवळजवळ पाऊण संपले, वेग मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक.

या आकृतीत चालकाच्या दक्षतेला स्थान आहे, पण एकाच जागी. त्याने एक सेकंद आधी ब्रेक लावला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १७ मीटर मिळतात. ब्रेक एकदा पूर्ण लागल्यानंतर त्याच्या इच्छेची तीव्रता कितीही असली तरी तिचा वक्रावर परिणाम शून्य. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत, सीमा लाभांकावर अवलंबून नसते. ती प्रवर्तकाच्या मर्यादेवर आणि वेळेवर अवलंबून असते. ‘कवच’ ही गाडी-संरक्षण प्रणाली याच वक्राच्या आधारे काम करते. पुढील सिग्नलपर्यंतचे अंतर आणि गाडीचा वेग यांवरून ती सीमा सतत आखत राहते, आणि गाडी सीमेजवळ येऊनही चालकाने काही केले नाही तर स्वतः ब्रेक लावते. दक्षिण-मध्य रेल्वेच्या ज्या मार्गांवर ती प्रथम बसविण्यात आली त्यांत मनमाडहून मुदखेडकडे जाणाऱ्या, म्हणजेच करमाडवरून जाणाऱ्या, मार्गाचा समावेश आहे. परंतु सिग्नल कोठे आहे आणि दुसरी गाडी कोठे आहे एवढेच कवचला ठाऊक असते. रुळावर माणूस आहे हे तिला कळण्याची सोय नाही. सीमा आखण्यासाठी अडथळ्याचे स्थान आधी माहीत असावे लागते.

गाडीची गोष्ट एका अर्थी सौम्य आहे. ब्रेक लावला नाही तरी गाडीचा वेग आपोआप वाढत जात नाही. ज्या व्यवस्था मुळातच अस्थिर असतात, म्हणजे ढळल्या की आपणहून अधिकाधिक ढळतात, त्यांच्या बाबतीत सीमा अधिकच स्पष्ट दिसते. सर्वांत लहान उदाहरण घ्यावे. एखादी राशी स्वतःच्या आकाराएवढ्याच त्वरेने वाढते आहे, आणि तिला रोखणाऱ्या प्रवर्तकाचे कमाल बल १ आहे. राशी ०.९ असेल तर वाढीची ओढ ०.९, रोखणारे बल १. राशी मागे हटते. ती १.०१ असेल तर ओढ १.०१ आणि बल १. राशी पुढे जाते, ओढ वाढते, बल मात्र १ वरच थबकलेले. येथून परत येणे नाही. आता नियंत्रकाचा लाभांक वाढवून पाहावा. लाभांक २ असेल तर प्रवर्तक ०.५ पाशी संपृक्त होतो. लाभांक १०० केला तर ०.०१ पाशीच होतो. सीमा दोन्ही वेळा १ वरच राहते. लाभांक वाढविल्याने सीमेच्या आतील हालचाल चपळ होते, सीमा तसूभरही सरकत नाही. रेषीय सिद्धान्त मात्र दोन्ही नियंत्रकांना ‘स्थिर’ असे एकच प्रशस्तिपत्र देतो. हे प्रशस्तिपत्र खोटे नव्हे, अपुरे आहे. आणि अपुरेपणा त्यावर लिहिलेला नसतो, ही खरी अडचण.

ही अडचण किती महाग पडते याचे उदाहरण स्वीडनमध्ये मिळते. ग्रिपेन हे लढाऊ विमान चपळतेसाठी मुद्दाम अस्थिर बनविलेले असून संगणक ते क्षणोक्षणी सावरत असतो. त्याचे एक विमान १९८९ मध्ये लिंकोपिंग येथे आणि दुसरे ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोम शहरावरील प्रात्यक्षिकात कोसळले. वैमानिक दोन्ही वेळा बचावले. दुसऱ्या अपघातात पंखे किती वळतात याऐवजी किती वेगाने वळू शकतात याची मर्यादा गाठली गेली होती. गतीची ही मर्यादा अधिक कपटी असते. ती बल कमी तर करतेच, शिवाय कृतीला आज्ञेच्या मागे रेंगाळत ठेवते. वैमानिक डावीकडे खेचू लागतो तेव्हा पंखा अद्याप त्याची मागची उजवी आज्ञा पुरी करीत असतो. मग सावरण्याची प्रत्येक खटपट डोलणे वाढवीत जाते. गुंटर स्टाइन यांनी १९८९ साली दिलेल्या बोडे व्याख्यानात अस्थिर व्यवस्थांचा आदर बाळगण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे असा विचार होता.

संपृक्तीच्या विश्लेषणाचा इतिहास पाहिला तर त्यात दोन धारा दिसतात. पहिली धारा अशी विचारते की आज्ञा व कृती यांमधील वक्राचा नेमका आकार माहीत नसताही स्थैर्याची हमी देता येईल काय? ल्यापुनोव यांच्या १८९२च्या प्रबंधातील पद्धतीचा आधार घेऊन लुरिये आणि पोस्टनिकोव्ह यांनी १९४४ मध्ये हा प्रश्न मांडला. त्याचे मर्म असे. कमाल बल १ असता आज्ञा १ असेल तर कृती १, म्हणजे गुणोत्तर १. आज्ञा २ झाली तर गुणोत्तर निम्मे. आज्ञा १० झाली तर एक दशांश. म्हणजे संपृक्त प्रवर्तक हा, जसजशी आज्ञा वाढेल तसतसा आपला लाभांक घटविणारा प्रवर्तक होय. तेव्हा शून्य आणि एक यांमधील प्रत्येक स्थिर लाभांकाला व्यवस्था टिकत असेल तर ती संपृक्तीतही टिकेल, असे म्हणण्याचा मोह होतो. आयझरमन यांनी १९४९ मध्ये मांडलेले अनुमान याच जातीचे होते. ते सर्वसाधारणपणे खोटे ठरले. त्यासाठी अधिक कडक अटी लागतात. त्या अटी रुमानियाचे पोपोव्ह यांनी १९६०च्या सुमारास वारंवारतेच्या भाषेत दिल्या आणि पुढे वर्तुळ-निकषाने त्यांना व्यापक रूप मिळाले. तरीही हे अनुमान दिशादर्शक म्हणून टाकाऊ नाही, हे पुढील गोष्टीवरून दिसेल.

दुसरी धारा सीमेचा शोध घेते. तिच्यातील सर्वांत विस्मयकारक निष्पत्ती समाकलकांच्या साखळीविषयी आहे. बलापासून वेग आणि वेगापासून स्थान मिळते, ही दोन समाकलकांची साखळी. हिला स्थान व वेग यांच्या कोणत्याही धन लाभांकांचे साधे रेषीय नियंत्रण पुरते. बल कितीही मर्यादित असो, आरंभ कोठूनही असो, ती शेवटी शांत होते. साखळीत तिसरा समाकलक घातला की हे संपते. फुलर यांनी १९६९ मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे सुसमन व यांग यांनी १९९१ मध्ये दाखविले की तीन किंवा अधिक समाकलकांच्या साखळीला संपृक्तीतून जाणारे कोणतेही रेषीय नियंत्रण सर्व आरंभांपासून स्थिर करू शकत नाही. दोन आणि तीन यांत एवढा फरक का पडावा? घटत्या लाभांकाची वरील कल्पना येथे उपयोगी पडते. दोन समाकलकांची व्यवस्था लाभांक कितीही लहान झाला तरी टिकते. तीन समाकलकांच्या व्यवस्थेला मात्र लाभांकाची एक किमान पातळी लागते. राउथ यांचा निकष लावून विद्यार्थ्याने हे स्वतः पडताळून पाहावे. मोठा धक्का बसला की आज्ञा मोठी होते, प्रभावी लाभांक त्या किमान पातळीखाली जातो आणि आंदोलने वाढू लागतात. ही उपपत्ती नव्हे, केवळ सूचना आहे. पण ती मनात राहते.

यावर दोन तोडगे निघाले. टील यांनी १९९२ मध्ये संपृक्तीच्या पोटात संपृक्ती ठेवणारा अरेषीय नियम दिला आणि कितीही लांब साखळी सर्व आरंभांपासून स्थिर होऊ शकते हे दाखविले. लिन आणि सबेरी यांनी १९९३ मध्ये रेषीय नियंत्रणच ठेवले, पण लाभांक लहान करीत नेला. आरंभांचा कोणताही मर्यादित प्रदेश आधी सांगितला तर त्याला पुरेसा लहान लाभांक सापडतो. किंमत द्यावी लागते ती संथपणाची. जी व्यवस्था आपणहून झपाट्याने ढळत जाते तिला मात्र यांपैकी काहीच लागू पडत नाही. तिच्या आकर्षण-प्रदेशाची सीमा बलमर्यादेनेच बांधलेली राहते, आणि तेथे काम उरते ते त्या प्रदेशाचा अंदाज बांधण्याचे. तो अंदाज बहुधा एखाद्या दीर्घवृत्तजाच्या रूपात मिळतो. आतील प्रत्येक बिंदू सुरक्षित असल्याची हमी असते, बाहेरच्यांविषयी मौन. असा अंदाज नेहमीच खऱ्या प्रदेशाहून आखडता असतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष योग्य बाजूचा आहे.

समाकलकांची साखळी हे केवळ कागदावरचे कौतुक नव्हे. पाण्याचा प्रत्येक साठा समाकलक असतो, कारण येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहातील फरक त्यात साचत जातो. करमाडच्या नैर्ऋत्येस पैठण येथे गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते. नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे, उजवा १३२ किलोमीटर. प्रवाहातील बदल कालव्यातून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने सरकतो असे धरले, तर पैठणला दरवाजा हलविल्याची वार्ता डाव्या कालव्याच्या टेलला पोचण्यास अडीच दिवसांच्या आसपास लागतात. वाटेतील प्रत्येक टप्पा हा लहानसा साठाच. आणि दरवाजाला दोन मर्यादा आहेत, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा. शिवाय कालव्याची वहनक्षमता ही तिसरी.

अशा टप्प्यातील पाण्याची पातळी नेमकी राखावयाची तर नियंत्रकात आणखी एक समाकलक घालावा लागतो. एरवी थोडी त्रुटी कायम राहते. म्हणजे साखळीतील एक समाकलक निसर्गाने दिलेला आणि दुसरा अभियंत्याने घातलेला. हा दुसरा संपृक्तीत विचित्र वागतो. टेलला पाणी कमी आहे, म्हणून तो दरवाजा उघडण्याची आज्ञा वाढवीत नेतो. दरवाजा पूर्ण उघडतो. पाणी अद्याप वाटेत आहे, टेलची तूट तशीच दिसते, सबब आज्ञा आणखी वाढते. प्रत्यक्षात काहीच हलत नाही, पण नियंत्रकाच्या वहीत मागणीची थकबाकी साचत राहते. अखेर पाणी पोचते, पातळी ठरल्या रेषेला लागते, ती ओलांडते. तरीही दरवाजा बंद होऊ लागत नाही, कारण आधी साचलेली थकबाकी फिटावी लागते. तोवर कालव्याच्या भरावावर ताण येतो आणि पाणी चाऱ्यांतून वाया जाते. मग उलट दिशेने हाच खेळ सुरू होतो. पातळीकडे पाहून हाताने दरवाजा फिरविणारा अनुभवी पाटकरी ही चूक करीत नाही. दरवाजा पूर्ण उघडला आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते आणि तो वाट पाहतो. नियंत्रकाला ते कोणी तरी सांगावे लागते.

उपायही त्यातूनच निघाला. दिलेली आज्ञा आणि प्रवर्तकाने केलेली कृती यांतील फरक मोजून तो समाकलकाकडे परत पाठवावयाचा, म्हणजे प्रवर्तक जागचा हलत नसताना थकबाकी साचत नाही. संगणकाने चालणाऱ्या नियंत्रकांसाठी फर्टिक आणि रॉस यांनी १९६७ मध्ये अशी रीत मांडली. आजच्या बहुतेक औद्योगिक नियंत्रकांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात असते. मात्र ती दीर्घकाळ अनुभवाच्या जोरावर वापरली जात होती आणि तिने आकर्षण-प्रदेश नेमका किती वाढतो याचे गणित फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस, नीट मांडले गेले. मराठवाड्यात कालव्याच्या दरवाजांचे संगणकाने नियमन करण्याचा प्रायोगिक प्रकल्प जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातील माजलगाव उजव्या कालव्यावर हाती घेण्यात आला होता. लांब अंतर, मोठा विलंब आणि मर्यादित दरवाजे ही तिन्ही लक्षणे तेथे एकत्र आहेत.

या उपायाने एक गोष्ट होत नाही. दरवाजा पूर्ण उघडा असताना तो एक थेंबही अधिक सोडू शकत नाही. सर्व वितरिकांची एकत्रित मागणी कालव्याच्या वहनक्षमतेहून अधिक झाली, तर नियंत्रक कितीही निर्दोष असला तरी व्यवस्था सीमेच्या बाहेर आहे, आणि तूट कोठे दिसावी हे मग गुरुत्वाकर्षण ठरविते. ती टेललाच दिसते. तेव्हा प्रश्न नियंत्रकाकडून कालवा सल्लागार समितीकडे जातो आणि कोणत्या चारीला कोणत्या आवर्तनात किती दिवस पाणी द्यावयाचे ते कागदावर, दरवाजे उचलण्यापूर्वी, ठरवावे लागते.